शिंजिराचं बारसं

आमच्या भोरात माणसाचं गोत्र कळल्याशिवाय त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. त्यामुळे दादाने पाखराचं गोत्र शोधायला घेतलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

दादा संस्थानच्या शाळेत शास्त्र शिकवी. दिवाळीच्या सुटीत वेल्ह्याच्या रानात जाळं लावून त्याने अंगठ्याएवढा पक्षी धरून आणला. पोट पिवळं, गळ्यापासून खाली काळी रेघ, चोच बाकदार. फुलातला मध पिणारा, पण दादाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात असला कुठेच नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या मधखाऊ पक्ष्यांच्या कुळातही तो बसेना. "याचं गोत्रच निराळं," दादाने जाहीर केलं. शास्त्रात त्याला प्रजाती म्हणतात, आणि नवी प्रजाती शोधणाऱ्याला तिचं नाव ठेवता येतं.

दादा-वहिनींना मूल नव्हतं. आपल्यामागे आडनाव बुडणार, ही खंत दादाला आतून पोखरत होती. त्याने आडनावालाच लॅटिन शेपूट जोडलं.

वहिनी म्हणाल्या, "ठेवायचं तर रीतीनं ठेवा."

मी सासर सुटल्यापासून त्यांच्याकडेच राही. आत्याचा मान माझा. मच्छरदाणीच्या पिंजऱ्याला तोंड लावून मी ते लॅटिन 'कुर्रर्र' केलं. आळीत घुगऱ्या वाटल्या. वहिनी पैठणी नेसल्या होत्या आणि त्याला बोंडल्याने साखरपाणी पाजत होत्या. चेष्टा माझ्या अगदी ओठांवर आली होती, पण त्यांच्याकडे बघून मलाच भरून आलं.

पौषात बाळाच्या पोटावर काळे डाग दिसू लागले. चुलीचा धूर असेल म्हणून पिंजरा ओसरीवर नेला. डाग वाढतच गेले. उत्रोलीची दूधवाली म्हणाली, "आत्याबाई, बाळ काळं पडाय लागलं व्हय? आजोळावर गेलं आसंल."

माघात तो अंगभर जांभळा-काळा चमकू लागला. गावातला रोजचा शिंजीर. विणीचा हंगाम संपला की नर काही महिने पिवळा होतो, एवढंच त्याचं निराळेपण. दादा त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी त्याने मच्छरदाणी वर उचलली.

परसात पांगारा फुलला होता आणि त्यावर असलेच पुष्कळ शिंजीर भांडत होते. आमचा त्यांत जाऊन मिसळला. दादा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच वहिनींना म्हणाला, "त्यातला आपला कोणता गं?"

वहिनींनी लगेच एकाकडे बोट दाखवलं. "तो काय."

दादाने पुरावा मागितला नाही.