बारा चौकांचं ग्राउंड

मी बोरी सोडली तो दिवस शनिवारचा होता, आणि शनिवार म्हणजे ग्राउंडच्या सारवणाचा दिवस. सिकंदराबादला रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर मला नोकरी लागली होती. दुपारची गाडी परभणीहून होती. अप्पांनी काळी-पिवळी जीप दहाला दारात यायला सांगितली होती. मी नवा ड्रेस घालून, कपाळाला भस्म लावून चर्चच्या आवारात आम्हाला खेळ शिकवणाऱ्या शमुवेल सरांच्या पाया पडायला गेले. सर खराट्याच्या दांड्याला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चौकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या वाटणीचं सारव, मंग जा."

सारवलं. नव्या ड्रेसवर शिंतोडे उडाले, अप्पा फाटकाबाहेरून हाका मारायला लागले, जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. शेवटी मी खराटा माझ्याबरोबर खेळणाऱ्या रूथच्या हातात दिला आणि म्हणाले, "दोनच वर्षं सांभाळ. मग मी येते आणि पोरींना शिकवते." रूथ म्हणाली, "जा गं, चौक कुठं पळून जायलाय का?" गाडीत खिडकीशी बसले तेव्हा नखांत शेण होतं. समोरच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि मी दोन्ही हात ओढणीखाली लपवले. ते हात लपवणं मला पुढं फार महागात पडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

या ग्रुपवर तुमच्यापैकी ज्या आमच्या नंतर खेळल्या, त्यांना हे चौक काय ते माहीत नसणार. आपला बास्केटबॉल क्लब चर्चचा. चेंडू चर्चचे, रिंगा चर्चच्या, जर्सीवर खिशापाशी छोटा क्रूस. खेळणाऱ्यांत मात्र निम्म्याहून जास्त आमच्यासारख्या: मी लिंगायत किराणावाल्याची, बाकी मराठ्यांच्या, धनगरांच्या, दोघी मोमीनपुऱ्यातल्या. एका सामन्यात पंचांनी मला गळ्यातलं लिंग काढायला लावलं तेव्हा मी खेळणार नाही म्हणून बसले. पुढच्या सामन्याआधी रूथच्या आईनं माझ्या जर्सीला आतून एक खिसा शिवला. तिनं तो शिवताना उपासनेतलं गाणं म्हटलं असणार, पण लिंग त्यात व्यवस्थित बसलं.

ग्राउंड मुरमाचं होतं. धुमसानं ठोकून, पाणी मारून, वरून शेणकाला फिरवलेलं, खळं करतात तसं. खळं वर्षातून एकदा करतात, आम्हाला ते दर आठवड्याला लागायचं, कारण सहा दिवसांच्या पळापळीत सगळं उखडायचं. सरांनी ग्राउंडचे बारा चौक पाडले होते, एकेकीला एक. आपापल्या चौकाला लागेल तेवढं शेण आपण आणायचं. आमच्या घरी जनावर नव्हतं, म्हणून आई शुक्रवारी संध्याकाळी गल्लीत बादली घेऊन फिरायची आणि लोक विचारायचे, "काय, चर्चला चाललं का?" असं करत करत अख्ख्या गावाचं शेण त्या ग्राउंडात गेलं. ज्याच्या म्हशीचं शेण, तो रविवारी उपासना सुटल्यावर सामना बघायला येणारच. आईला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती माझ्या चौकाच्या कडेला येऊन बसायची आणि म्हणायची, "जिमिनीला हात लावल्याबिगर ती आपली होत न्हाई."

पोरगी लग्न होऊन गेली किंवा नोकरीला लागली, की तिनं चौक दुसरीच्या हवाली करायचा. खराटा हातात द्यायचा, नाव घ्यायचं, झालं. चौक मोकळा ठेवायचा नाही, हा एकच नियम सर कडकपणे पाळायचे. बाकी उशिरा आलं तर चालायचं, हरलं तरी चालायचं.

त्या जमिनीवर चेंडू उसळत नसे. आपटला की गुडघ्यापर्यंत यायचा आणि तिथंच मान टाकायचा. त्यामुळं एकटीनं चेंडू आपटत पुढं जायची सोयच नव्हती. द्यायचा, पळायचं, परत घ्यायचा. सर कडेनं ओरडत असायचे, "आपटू नगं, दे! दे की!" शहरातल्या पोरी चेंडूशी खेळायच्या, आम्ही एकमेकींशी खेळायचो. त्यांना आम्ही सापडायचोच नाही. विभागीय स्पर्धा आम्ही जिंकली तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मी शेवटून दुसरी, डोळे मिटलेली. त्यानंतर जिंतूरहून, पेडगावहून, येलदरीहून पोरी यायला लागल्या. चर्चनं वसतिगृहाच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी काढून दिल्या. एकेक करून आमच्यातल्या सहाजणी नोकऱ्यांना लागल्या, कोणी पोलिसात, कोणी बँकेत, मी रेल्वेत. एवढ्याशा गावातून सहा. लोक आम्हाला बघायला येत.

पण त्या जिंकलेल्या सामन्यानंतरही समोरच्या संघातली एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली होती, "या शेणातल्या पोरी." आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. रूथ हसली आणि म्हणाली, "मंग? शेणातच तर पिकतं." मला हसू आलं नाही. मी ते शब्द सिकंदराबादला घेऊन गेले.

इथं आमच्या इनडोअर कोर्टाला लाकडी फ्लोअर आहे. आरशासारखं. पुसायला हाउसकीपिंगची माणसं असतात, आम्ही फक्त शूज घालून उतरायचं. पहिल्या महिन्यात मी सवयीनं शनिवारी लवकर जाऊन उभी राहिले, तर सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आज छुट्टी है ना, काय कू आए?" हळूहळू ड्यूटी, रोस्टर, लीव्ह, ट्रान्सफर हीच भाषा झाली. क्वार्टर मिळालं, लग्न झालं, मुलगी झाली. ती दहीभाताला पेरुगन्नम म्हणते आणि बोरीला 'मम्मीचं गाव' म्हणते. दोन वर्षं कधी उलटली ते कळलं नाही, असं लोक म्हणतात. मला चांगलं कळलं होतं. मी मुद्दामच गेले नाही.

त्याऐवजी आम्ही सहाजणींनी हा ग्रुप काढला (नंतरच्या तुम्ही पुढं त्यात आलात) आणि ठरवलं, आपल्या ग्राउंडला सिमेंट करून द्यायचं. कल्पना माझी. आता आपल्या पोरींना कोणी शेणातल्या म्हणणार नाही, असं मीच लिहिलं होतं. वर्गणी पटापट जमली. नाताळच्या आठवड्यात उद्घाटन ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, फीत कापली, आम्ही बुटांसकट कोर्टावर उतरलो आणि चेंडू आपटला. तो छातीपर्यंत उसळला तेव्हा अख्ख्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या. सर खुर्चीवर बसून होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "लय चांगलं झालं. पण आता शनिवारी काय करायचं?"

आम्ही हसलो. मी म्हणाले, "सर, आता शनिवारी आराम करा."

आरामच झाला. शनिवारी कोणी येईना, कारण यायचं काही कारणच उरलं नाही. सिमेंटला कोणाचं काही लागत नाही. शेण मागायला बादल्या फिरेनात, तशी रविवारी बघणारी माणसंही येईनात. पोरी यायच्या, पण ज्या त्या आपापल्या वेळेला. प्रत्येकीला एकटीनं चेंडू आपटत पळता यायला लागलं होतं. देणं बंद झालं. एप्रिलात पायाला चटके बसायचे म्हणून दोन महिने तसेच सुटायचे. सगळा दोष सिमेंटवर टाकत नाही. वसतिगृह बंद पडलं, पाळक बदलले, कारखाने सुरू झाले की निम्म्या पोरी आईबापाबरोबर ऊसतोडीला जायच्या. पण त्या आधीही जायच्याच. फक्त आधी जाताना चौक हवाली करून जायच्या आणि आल्यावर परत मागून घ्यायच्या. नंतर मागायला काही नव्हतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रूथनं कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. ती अंगणवाडीत लागली, आता चर्चच्या पंचकमिटीवर आहे. आमच्यात सगळ्यात चांगली तीच खेळायची. तिलाही नोकरीचा कागद आला होता, पण तिची आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून ती गेली नाही. त्याविषयी आम्ही दोघी आजवर कधी बोललो नाही.

मग पंचकमिटीचं पत्र ग्रुपवर आलं. कोर्टाच्या जागी सभागृह बांधायचं ठरतंय, ज्यांनी सिमेंटला हातभार लावला त्यांनी आपलं मत कळवावं. सहाही जणींनी लिहिलं, विरोध. सगळ्यात लांबलचक मी लिहिलं. आमच्या आठवणी पाडू नका, असंसुद्धा लिहिलं. जरा वेळानं रूथचा व्हॉइस मेसेज आला, ग्रुपवर नाही, फक्त मला. "शिवकांता, तुझ्या आठवणीवर लोकांनी सोयाबीन वाळू घातलंय. येऊन बघ की एकदा."

मला राग आला. रागातच रजा टाकली आणि गेले.

सोयाबीन खरंच होतं. पिवळंधमक, एका रिंगेपासून दुसऱ्या रिंगेपर्यंत. एका रिंगेला जाळी नव्हती, दुसरी खाली वाकली होती. सिमेंटला उभी चीर गेली होती आणि तीत गाजरगवत उगवलं होतं. राखण करणारी म्हातारी मला म्हणाली, "पाय नगं देऊ, दाणा फुटल." स्वतःच्याच कोर्टावर पाय ठेवायची मला बंदी. मी कडेला उभी राहिले आणि रडायला लागले. रूथ शेजारी येऊन उभी राहिली.

मग मी तेच बोलले जे बोलायला नको होतं. "काय पाठवू? नवीन रिंगा पाठवू? कोच ठेवायचा असेल तर आम्ही सगळ्या मिळून..."

"पाठवू नगंस," रूथ म्हणाली. "तुमी लय पाठवलं. आमाला काई करायला ठेवलंच न्हाई. येतीस का, ते सांग."

मग तिनं सांगितलं. तो खराटा तिनं बारा वर्षं सांभाळला होता. दोन चौक सारवायची ती, स्वतःचा आणि माझा. आपलं सिमेंट पडलं त्या दिवशी तिनं खराटा घरी नेला. "मला वाटलं, तू आता येणार न्हाईस, म्हणून पक्कं करून टाकायलीस," म्हणाली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली ते खरं होतं. माझं नाव घेऊन कोणी शनिवारी माझी वाट बघू नये, म्हणूनच मला सिमेंट हवं होतं.

सर आता थोडं कमी ऐकतात, गुडघ्यांनी त्यांना खुर्चीला बांधलंय. मी पाया पडले, तर त्यांनी माझे हात उलटे करून नखं पाहिली आणि म्हणाले, "लय सोच्छ."

सभागृहाला मी सही दिली. गावात लग्नं असतात, मयत असते, पावसात लोक कुठं बसणार? वसतिगृहाच्या पाठीमागं, जिथं कपडे वाळत घालायचो, तिथं अजून माती आहे. कमिटीनं ती दिली. वाकलेली रिंग सरळ करून तिथं रोवली. दोन दिवस मुरूम ठोकला. शनिवारी सकाळी रूथनं पांढऱ्या फक्कीनं बारा चौक पाडले, आधीपेक्षा लहान. सहा चौक गावातल्या पोरींचे. राहिलेल्या सहांवर तिनं आमची नावं लिहिली. मी खराटा उचलला. दोन हात फिरवले तर सर खुर्चीवरून ओरडले, "पातळ करायलीस! काला घट्ट घे!" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

निघताना मी खराटा रूथपुढं धरला. तिनं हात मागं घेतले. "आता मी धरत न्हाई. तुझा तू सारव."

तेव्हापासून दर शनिवारी ती ग्रुपवर फोटो टाकते. कोणी त्यावर काही लिहीत नाही, अंगठासुद्धा दाखवत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. फोटो नीट बघा. सहा चौक हिरवट, ओले आहेत. मी जाते त्या शनिवारी सात असतात, महिन्यातून एकदा. बाकीचे कोरडे, भुरकट, आणि त्यांवर फक्कीनं लिहिलेली नावं. तुमच्यातल्याच पाचजणींची. पोरी खेळताना त्या कोरड्या चौकांतून धूळ उडते, चेंडू तिथं पडला की मरतो आणि पोरींना तेवढी जागा चुकवून पळावं लागतं.

घर कशाला म्हणायचं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. क्वार्टर हेही माझं घरच आहे, खोटं कशाला बोलू. पण तिथं मी नसले तर फक्त कुलूप लागतं. बोरीत मी नसले तर चौक कोरडा राहतो.

मी या शुक्रवारच्या गाडीनं निघतेय. येणार असाल तर काही आणू नका. शेण गावात मिळतं, बादली आईकडे आहे.