सीलबंद मुद्देमाल, मुक्काम सांगली

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कमरेच्या पट्ट्याकडे जातो. पट्टा केव्हाच सरकारजमा झाला, तिथे आता नुसतं पोट आहे; पण अंगात वीज खेळते ती तशीच. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, एका पुढाऱ्याची हरवलेली म्हैससुद्धा शोधून दिली. तरी सगळ्यात थरारक तपास कोणता, असं कुणी विचारलं तर मी सांगतो : तो मी मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर केला, जर्मनीत, लेकीच्या स्वयंपाकघरात. हद्द माझी नव्हती, आणि मला कुणी नेमलंही नव्हतं. खात्याच्या शिस्तीप्रमाणे नावं मात्र कुणाचीच घेणार नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी सौ. आणि मी एर्लांगेनला गेलो होतो. जावई तिथल्या एका कंपनीत इंजिनियर. स्मार्टफोन तेव्हा आमच्या पिढीच्या हातात नुकते येऊ लागले होते, आणि ते हातात घेताना आम्ही तान्ह्या मुलासारखे दोन्ही हातांनी घेत असू. नातीचं बारसं एर्लांगेनमध्ये करायचं ठरलं. पण नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि आत्या सांगलीत. आमच्या विहीणबाईंचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकरवर, आणि त्यांची लेक त्यांना सोडून येऊ शकत नव्हती. आत्याशिवाय बारसं म्हणजे पंचांशिवाय पंचनामा. मग जावयानेच तोड काढली. सांगलीला एक चांगला फोन पाठवायचा, आत्याने व्हिडिओवरून बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि आजीने नात डोळे भरून पाहायची. तोवर त्यांच्या घरी बटणांचा फोन होता. सायबर कॅफे जवळ होता, पण दुसऱ्या मजल्यावर, आणि विहीणबाईंना जिने बंद.

फोन घेऊन जाणार होता जावयाचा मित्र. मिरजेचा, म्हणून त्याला इथे मिरजकर म्हणू. माझी लेक त्याला राखी बांधते. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा जावई कामासाठी ड्रेस्डेनला होता. टॅक्सी बोलावून तिला हॉस्पिटलात नेलं ते या मिरजकरने, आणि तिथे नर्सने 'बाळाचे वडील?' विचारल्यावर घामाघूम होऊन 'मामा, मामा!' असं शुद्ध मराठीत ओरडला तोही हाच.

तो भारतात सुट्टीला निघण्याआधी कोणता फोन घ्यायचा यावर जेवणाच्या टेबलावर खडाजंगी झाली.

"कंपनीचा लॉकवाला घे," मिरजकर म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टसोबत जवळजवळ फुकट मिळतो. कोड मागून घेता येतो नंतर."

"आणि कोड मिळेपर्यंत आई काय करेल? त्यात फक्त त्या कंपनीचं सिम चालणार," जावई म्हणाला. "इंटरनॅशनल घ्यायचा. अनलॉक्ड. जगात कुठलंही सिम घाला, चालतं."

"आल्झो, म्हणजे तू श्रीमंत आहेस बाबा."

"बाबा, तुम्ही सांगा," लेकीने माझ्याकडे निकाल मागितला.

सबंध नोकरीत मी गणेशोत्सवाच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीत गावोगाव हेच सांगत फिरलो होतो की नागरिकहो, कुलूप लावा. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुलूप नसलेल्या वस्तूच्या बाजूने मत दिलं. जावयाला पुन्हा ड्रेस्डेनला जायचं होतं, म्हणून खरेदीचं काम मिरजकरवर सोपवलं. त्याने खोकं आणलं. सौ.ने त्याला हळदकुंकू लावलं, हातरुमालात बांधलं आणि बजावलं, "सील फोडू नकोस हं! भेटवस्तू आहे, कोरी गेली पाहिजे."

मिरजकर गेला, सांगलीत खोकं पोचवून, भडंगाची पिशवी घेऊन परत आला. बारसं रविवारी. आणि शुक्रवारी संध्याकाळी खबर आली.

घरचा फोन मीच उचलला. ठाणे अंमलदाराची सवय, दुसरं काय.

"भाऊसाहेब," विहीणबाईंचा आवाज बदललेला, "आज दिवस चांगला म्हणून खोकं देवापुढून उचललं आणि उघडलं. फोन चालू होतो, पण सिम घातलं की कोड मागतो. इथल्या दुकानदाराने पाहिला. म्हणतो, हा लॉकवाला आहे, तुमच्या माणसांना कुणीतरी फसवलंय."

मी काही बोलण्याआधीच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या. मी फोटोत पाहीन नातीला. तुम्ही बारसं उरकून घ्या."

'उरकून घ्या' हे शब्द मला गोळीसारखे लागले. जावयाला मात्र दुसरंच काही लागलं होतं. पुरावे आपोआप एका रांगेत उभे राहिले : लॉकवाला घ्या म्हणून हट्ट कोणाचा? मिरजकरचा. खरेदी कुणी केली? मिरजकरने. आणि हल्ली नवाकोरा, अगदी तसाच फोन कुणाच्या हातात दिसतो? मिरजकरच्या. तासाभरात त्याला बोलावणं गेलं. तो बिचारा हसत आला, हातात नातीसाठी टोपडं घेऊन.

"खरं सांग," जावई म्हणाला, "आईला लॉकवाला दिलास आणि आमच्या पैशांत स्वतःला घेतलास?"

मिरजकरने टोपडं टेबलावर ठेवलं. "हे तू मला विचारतोयस?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?"

"ठीक आहे. रविवारी मी येत नाही. मामा दुसरा शोधा." तो गेला. लेक बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सौ. माझ्याकडे वळली. "अहो, इतकी वर्षं पोलिसात होतात ना? मग बसलात काय असे?"

हाच माझा नेमणुकीचा हुकूम. परिस्थिती अशी : मुद्देमाल सांगलीत, आरोपी एर्लांगेनमध्ये, फिर्यादी वॉकरवर, आणि तपास अधिकाऱ्याला जर्मन भाषेतले तीन शब्द येतात, त्यातले दोन बेकरीचे.

शनिवारी सकाळी बसने मी मिरजकरच्या खोलीवर गेलो. दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. चौकशीचा माझा एक नियम आहे. गुन्ह्याबद्दल विचारायचंच नाही, फक्त दिवस विचारायचा. खोटा माणूस गुन्ह्याची तयारी करून बसलेला असतो, सबंध दिवसाची तयारी कुणाचीच नसते.

"चहा टाक," मी म्हणालो. "आणि ज्या दिवशी फोन घेतलास तो दिवस सांग. उठल्यापासून."

"काका, तुम्हीपण?"

"उठल्यापासून."

तो सांगू लागला. सायकल पंक्चर झाली, ती ढकलत नेली. दुकानात इंटरनॅशनलवालाच मागितला. पाहता पाहता स्वतःलाही मोह झाला, म्हणून स्वतःच्या बचतीतून तसाच आणखी एक घेतला. एकाच कपाटातून, शेजारशेजारची दोन खोकी. स्वतःच्या फोनमध्ये तिथेच सिम घातलं आणि आईला कॉल करून बराच वेळ बढाया मारल्या.

"मिरजेत तोच फोन वापरलास?"

"हो. आईचं सिम घातलं, लगेच चालला."

माझा कप बशीवर आदळला. "थांब! पुन्हा सांग. भारतातलं सिम चाललं?"

"चाललं की."

"आणि सांगलीतला, त्याच कपाटातला, तो चालत नाही!"

खरं सांगतो, मी उभा राहिलो आणि त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या मारू लागलो. आदल्या संध्याकाळी जो पुरावा या पोराला फासावर चढवत होता, तोच आता त्याला सोडवत होता. एकाच आईचे दोन भाऊ. एक बोलतो, एक मुका. मग दोघांत फरक काय? एकाने एर्लांगेनमध्ये तोंड उघडलं होतं, दुसऱ्याचं तोंड कुणी उघडू दिलं नव्हतं.

"त्या दुसऱ्याचं सील कुणी फोडलं?"

"कुणी नाही. काकूंनीच सांगितलं होतं ना? हळदकुंकूसुद्धा तसंच होतं सांगलीत देईपर्यंत."

"सायकल आहे?"

"दोन आहेत, पण काका, तुम्ही..."

सायकलवर मी शेवटचा बसलो होतो तो प्रशिक्षणात. तरी निघालो. रविवारी तिथे सगळी दुकानं बंद. आज चुकलं तर बारसं गेलं. वाटेत दोन आजीबाई मला घंटी वाजवून मागे टाकून गेल्या, एकीच्या टोपलीत कुत्रं होतं. मिरजकर मागे वळून वळून पाहत होता, आणि मला वाटतं, त्या सकाळी तो पहिल्यांदाच हसला.

दुकानातल्या मुलीला मिरजकरने भराभर सगळं सांगितलं. तिने मान डोलावली. "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर', एवढं मलाही कळलं. पुढचं त्याने भाषांतर केलं. फोन अनलॉक्ड आहे हे खरंच. पण या मॉडेलला कंपनीने एक अट घातली आहे. पहिलं सिम युरोपातलं घालून काही मिनिटं बोलायचं, मग जगातलं कुठलंही चालतं. इथली माणसं दुकानातून बाहेर पडतानाच फोन वापरतात, त्यामुळे ही अट कुणाला कधी जाणवतच नाही. कुणी फोन खोक्यातच जपून देवापुढे ठेवेल, हे तिला समजावताना मिरजकरची जर्मन संपली.

आता प्रश्न एकच उरला : रविवारच्या आत सांगलीत युरोपातलं सिम आणायचं कुठून?

घरी येऊन मी माझ्या जुन्या हवालदाराला फोन लावला. सांगलीला मी तीन वर्षं काढली होती, तेव्हा ते माझा उजवा हात होते.

"जय हिंद साहेब! कुठं हायसा?"

"जर्मनीत. एक माणूस पाहिजे."

"फरारी?"

"खिशात युरोपचं सिम असलेला. आजच्या आज."

पलीकडे त्यांनी कुणाला तरी विचारलं. मग, "साहेब, द्राक्षाचा सीझन हाय. माल हॉलंडला जातोय. तासगावला एक बागायतदार परवाच तिकडनं आल्यात. उचलू का?"

"उचलू नका! विनंती करा."

"तेच म्हणतोय की. विनंतीनं उचलतो."

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. मधे विहीणबाईंचा फोन आला, घाबऱ्याघुबऱ्या, की दारात एक मिशाळ माणूस उभा आहे आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या कपड्यातला दुसरा. मी म्हटलं, "ताई, दार उघडा, आपलीच माणसं आहेत. चहा द्या आणि सिम घ्या."

तोवर मी मिरजकरला जबरदस्तीने घरी आणून बसवलं होतं. जावई खिडकीशी, तो दाराशी. मधे भडंगाची ताटली, कुणी हात लावत नव्हतं.

फोन वाजला. अनोळखी परदेशी नंबर. मी स्पीकर चालू केला.

"नमस्कार, मी तासगावहून... म्हणजे आता सांगलीतनं बोलतोय. नव्या फोनवरनं. हवालदार म्हणत्यात बोलत ऱ्हावा. काय बोलू?"

"काहीही! पण थांबू नका!" मी ओरडलो.

"मग द्राक्षाचंच बोलतो. यंदा घड चांगला भरलाय, पण थंडी लांबली..."

आणि एर्लांगेनच्या त्या घरात आम्ही सगळे श्वास रोखून छाटणी, डावणीचा रोग आणि हॉलंडच्या व्यापाऱ्यांचे नखरे ऐकत होतो. सौ. मधेच म्हणाली, "अहो, यांची बाग एकदा पाहायला हवी." मी तिला हाताने गप्प केलं. बोलता बोलता त्यांचा बॅलन्स संपला आणि लाईन तुटली. आतून बाळाने एक उचकी दिली.

मग पुन्हा घंटी. या वेळी नंबर सांगलीचा.

"वहिनीचे बाबा, मी बोलतेय!" लेकीच्या नणंदबाईंचा आवाज आनंदाने चिरकला होता. "माझं सिम घातलं! रेंज आली! नव्या फोनवरूनच बोलतेय!"

मी 'शाब्बास!' असं ओरडलो की नात जागी झाली. जावई मिरजकरसमोर जाऊन उभा राहिला. इंजिनियर माणूस, माफीसुद्धा कामाच्या भाषेत मागणार. "टेस्ट न करता मी तुझ्यावर फॉल्ट टाकला. चुकलो रे."

"आरोपपत्र मागे?"

"मागे."

"मग भडंग इकडे सरकव. सकाळपासून उपाशी आहे मी."

रविवारी पाळणा सजला. मिरजकरनेच फोन बाळाच्या कानाशी धरला. सांगलीहून आत्याने 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत घालायचा धपाटा विहीणबाईंनी वॉकर सोडून स्वतः घातला. मग पडदाभर त्यांचाच चेहरा आला, इतका जवळ की नुसता चष्मा आणि त्यामागचं पाणी दिसत होतं. त्या पाहत राहिल्या. नाव काय ठेवलं ते इथे सांगत नाही; नियम म्हणजे नियम.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? सेवेत असताना मला वाटायचं की पुरावा एकदा रांगेत उभा राहिला की आरोपी सापडला. त्या शनिवारी कळलं की पुरावा पोलिसासारखाच असतो, हुकूम देणारा बदलला की तोही दिशा बदलतो. म्हणून माणूस आपला असेल तर आधी त्याचा अख्खा दिवस ऐकावा आणि मगच बोट उचलावं. आणि आपली माया अशी, की वस्तू कोरी राहावी म्हणून आपण तिला घरच्या हवेत एकदाही श्वास घेऊ देत नाही, आणि मग परक्या गावी ती मुकी निघाली की दोष नेणाऱ्याला देतो.

आजही नातेवाइकांत कुणी परदेशातून फोन आणणार असेल तर मला फोन येतो, "भाऊ, लॉकवाला की इंटरनॅशनल?" मी सांगतो, तुमच्या सोयीचा घ्या, पण ज्याने घेतला त्याने आधी उघडून त्यावर पोटभर बोलावं आणि मगच पाठवावा.

मिरजकरने तर हे फारच मनावर घेतलं. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने वाजणारं, चालणारं अस्वल पाठवलं. त्याचं खोकं फाटलेलं, कान चुरगळलेला, बॅटरी अर्धी संपलेली. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं : "काका, आठवडाभर स्वतः खेळून पाहिलंय."