आबांच्या नातीचं मशीन

नांदेडच्या आमच्या बालहृदयरोग ओपीडीत मी पेसमेकर तपासते. जुन्या फाइली रद्दीत जातात, किस्से मात्र जाता जात नाहीत. त्यातले निम्मे एकट्या आबांचे!

आबा म्हणजे मुदखेडचे किराणा दुकानदार. त्यांची नात गौरी, वय नऊ. तिच्या हृदयाच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी आकसायच्या. तीन पायऱ्या चढली की धाप. मग दोन्ही बाजूंना एका ठेक्यात आणणारं मशीन हैदराबादला बसवलं आणि तपासणी आमच्याकडे आली. म्हणजे आबा आले!

*

पहिल्याच दिवशी भांडण. "दुखणं छातीत, अन् मशीन पोटात? चुकीच्या जागी बसिवलं की!"

लहान मुलांना पोटातच बसवतात, वायरी वर हृदयापर्यंत जातात, हे मी चित्र काढून दाखवलं. आबांनी चित्र नीट न्याहाळलं.

"ह्या चित्रातबी पोटातच हाय!"

*

मोबाइल मशीनला चिकटवून ठेवू नका, एवढंच सांगितलं होतं. पुढच्या वेळी अख्खं घर मोबाइल मुदखेडला ठेवून हजर!

आणि मी सकाळपासून फोन लावतेय, "आज डॉक्टर नाहीत, येऊ नका."

*

"आता तिला खेळू द्या, पळू द्या," डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"हाव, हाव," म्हणत आबांनी गौरीला कडेवर घेतलं आणि जिना उतरले. खाली पोचेपर्यंत धाप आबांना!

मला असा संताप आला! एवढं ऑपरेशन सोसून पोर खाटेवरच बसणार असेल तर उपयोग काय? गौरीचा पडलेला चेहरा बघवत नव्हता.

*

परवा सहा महिन्यांची तपासणी होती. आबा खुशीत. "घरात समद्यांना ताकीद दिली, मॅडम. पोर जाग्यावरून हलली न्हाई."

हे मशीन पेशंट रोज किती हालला, तेही नोंदवून ठेवतं. मी आलेख पडद्यावर आणला. रोज दोन-दोन तास पळापळ! फक्त दर रविवारी रेघ आडवी. हृदयही चांगलं सुधारलेलं. डॉक्टर हसायला लागले.

आबा त्या आडव्या रेघांकडेच बघत होते. तोंड पांढरंफटक.

"मॅडम, दर रविवारी मशीन बंद पडून राहिलं की हो!"

गौरी खुर्चीत पाय हलवत बसली होती.

"न्हाई आबा. रविवारी तुमचं दुकान बंद अस्तंय."