फेसाची बादली
मुलांनो, तुमच्या पार्सलमधल्या स्वेटरला सॉफ्टनरचा गोड वास आला आणि मला अमडापूरच्या सासरघरच्या मोरीतला औषधाचा उग्र दर्प आठवला. बीटी कपाशीवर फवारणी करताना घातलेले कपडे माझ्या थोरल्या जावेने नुकतेच धुतले होते आणि पावडर वाचवायला त्याच फेसात ती माझ्या तान्ह्या बाळाची दुपटी बुडवायला निघाली होती. मी बादली उलटी केली. “काऊन वं, इतका फेस सांडला? शिकलेल्याईची पावडर झाडाले लागते काय?” ती ओरडली. “आधी तुम्ही घोटभर प्या, मग दुपटी भिजवा,” मी म्हणाले. तिने शेजारणींना बोलावून मला उधळी ठरवले. ते बाळ म्हणजे तुमच्यातला थोरला. जाऊबाई अजूनही दिवाळीला येतात. मी चहा देते, बोलत नाही.