इंजिनखोलीतली शांतता

माझे काका मालवाहू जहाजावर पंप सांभाळायचे. बोलके इतके, की काकू म्हणायची, "हे घरी आले की रेडिओ लावायला नको."

एकदा भर समुद्रात, दुपारी, इंजिनखोलीत तेलाची नळी फुटली आणि आग भडकली. होज ओढून त्यांनी पाणी मारलं, पण ज्वाळा ऐकेनात. मग सगळ्यांना वर काढलं, डोकी मोजली, झडपा, दारं घट्ट बंद केली आणि आग घुसमटवणारा वायू आत सोडला. आता फक्त वाट पाहायची. लोखंड थंड व्हायच्या आत दार उघडलं, तर हवा लागून आग पुन्हा पेटणार.

इंजिन बंद, समुद्र तेल ओतल्यासारखा संथ. जहाज हलकेच गोल फिरत होतं. माणसं डेकवर अनवाणी बसली होती, तळपायांना पत्र्याची ऊब लागत होती. आचाऱ्याने बिस्किटं वाटली. काका अधूनमधून दाराला तळवा लावून यायचे, तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

दुसऱ्या दिवशी दार गार लागलं. कॅप्टननी विचारलं, "जाल का आत?" काकांनी हवेचं नळकांडं पाठीवर घेतलं, मुखवटा चढवला. सोबत धाकटे इंजिनियर. दोघांच्या कमरेला एकच दोर.

आत काजळी तरंगत होती, विजेरीच्या झोतात काळ्या पिसांसारखी. ज्या इंजिनच्या गोंगाटात आयुष्य गेलं, ते पहिल्यांदाच गप्प होतं. आग विझली होती, सगळीकडे मऊ काळोख. काकांना वाटलं, जरा टेकावं. कुठेतरी काकूने चहाचं आधण ठेवलंय आणि किटली शिटी घालतेय. किती बरं वाटत होतं!

दोराला हिसका बसला. धाकटे इंजिनियर ओरडत होते, "काका, ही शिटी तुमच्या नळकांड्याची! हवा संपत आलीय, चला!"

"येतो रे, एवढी घाई कसली?"

त्यांना ओढतच वर आणलं. उजेडात मुखवटा काढल्यावर कुठे त्यांना कळलं, ती शिटी किटलीची नव्हती.

घरी आल्यावर काकूने विचारलं, "भीती नाही वाटली?"

"नाही ना," काका म्हणाले, "तेच आठवून आता झोप उडते."

पुढच्या हंगामात ते पुन्हा जहाजावर गेले. नव्या जहाजावर चढले की आधी प्रत्येकाला मुखवटा घालायला लावायचे आणि नळकांड्याची ती शिटी कानाशी वाजवून दाखवायचे. "ही ऐकली की निघायचं," म्हणायचे. "कितीही छान वाटत असलं तरी."