बटणवाल्याची घंटा

काशानच्या बाजारात यदुल्लाचं बटणांचं दुकान आहे. बटणं, लेस, चेन, गोंडे, असला सगळा माल. दुकान एवढंसं आणि मालक एवढा थोरला, की गिऱ्हाईक आत शिरलं की यदुल्लाला बाहेर यावं लागायचं. खांदे म्हणजे दोन रांजण, मान कुठे सुरू होते ते कुणाला सापडलेलं नाही, आणि असल्या माणसाच्या चिमटीत मोत्याएवढं बटण! पण रंग जुळवून द्यावा तर यदुल्लानंच. बायका लांबून त्याच्याकडे यायच्या. तो चार छटा पुढ्यात मांडून म्हणायचा, "ताई, ही नको, उन्हात रडकी दिसेल. ही घ्या."

हे खांदे तालमीचे. रोज पहाटेची नमाज झाली की यदुल्ला गल्लीतल्या जूरखान्यात जायचा. तालमीला आमच्याकडे हेच नाव. जमिनीत कमरेइतका खोल आठकोनी हौदा, त्यात पुरुषमाणसं उतरून मुद्गल फिरवतात, लाकडी ढाली उचलतात, डोक्यावर लोखंडी लेझीम खळखळवतात. एके काळी गदा, ढाल आणि धनुष्य घेऊन लढाईला जायचं असायचं, त्याची ही तयारी. लढाया संपल्या, तयारी चालूच आहे. चौथऱ्यावर मुर्शिद, म्हणजे तालमीचा गुरू, मातीचा ढोल घेऊन बसतो आणि त्याच्या ठेक्यावर सगळे हलतात. दार मुद्दाम ठेंगणं ठेवलंय. कितीही मोठा आला तरी वाकूनच आत.

मुर्शिदाच्या डोक्यावर एक पितळी घंटा टांगलेली असते. ज्याची योग्यता मुर्शिदाला पटली, तो माणूस दारातून आत आला की घंटा वाजते. एकच ठोका. पण त्या ठोक्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, ते मुर्शिद ठरवणार. तिथे अर्ज नाही की वशिला नाही.

आणि यदुल्लाला अडतीस वर्षांत घंटा मिळाली नव्हती.

कारण काय? ऐका. बावीस वर्षांचा असताना यदुल्ला एकदा गिरक्या घेत होता. शंभर गिरक्यांचा विडा उचललेला. साठाव्या गिरकीला डोळ्यांपुढे तारे चमकले आणि ते ऐंशी किलोचं धूड हौद्यातून उसळून थेट चौथऱ्यावर, मुर्शिद सफरच्या मांडीत! मांडी वाचली, ढोल फुटला. ढोल मुर्शिदाच्या वडिलांचा. यदुल्लाला ओरखडासुद्धा नाही, कारण तो ढोलावर पडला होता.

मुर्शिद सफर माणूस मोठा, आवाज असा की भिंती ओल्या होतील, पण डूख धरावा तर त्यानंच. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "खापऱ्या गोळा कर." नंतर अवाक्षर नाही. नवा ढोल आला, मुर्शिद त्र्याऐंशी वर्षांचा झाला, नौरोझ हलवायाला घंटा मिळाली, आणि त्याचं पोट तर दाराला घासत होतं. यदुल्ला आपला वाकून आत यायचा आणि उंबऱ्यावर तसाच वाकलेला एक क्षण थांबायचा. म्हटलं, मुर्शिदाला आज वाटलंच, तर दोरी ओढायला तेवढा वेळ मिळावा. मुर्शिद चहात खडीसाखर बुडवत असायचा. यदुल्ला कंबर धरून सरळ व्हायचा आणि कपडे बदलायला जायचा.

ते थांबणं सगळ्या तालमीला ठाऊक होतं. त्याच्या बायकोलाही होतं, कारण तूबाच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर तालमीच्या दारासमोर होती.

तूबाचा आवाज मोहल्ल्यात प्रसिद्ध. नवरदेव दारात आला की आमच्याकडे बायका जीभ नाचवून लांबलचक किलकारी देतात. तूबाची किलकारी तीन गल्ल्या ओलांडून जायची. लग्न कुणाचंही असो, तिला आधी आमंत्रण. बाकीच्या वेळी तोच आवाज यदुल्लावर खर्च व्हायचा.

"आलात, पहिलवान? अडतीस वर्षं मुद्गल फिरवताय, पण माळ्यावरचा रांजण उतरवायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं मला."

"अगं, तेव्हा मी दुकानात होतो."

"दुकानात बटणं उचलत होतात. कळलं. हात धुवा आणि बसा."

एवढं बोलायची, पण पहाटे खिडकी उघडी असायची. हिवाळ्यातसुद्धा. धूर जायला, म्हणायची. पहाटे कसला आलाय धूर?

तूबाच्या जोडीला जावई होता, कामयार. त्यानं चौकात तायक्वांदोचा क्लास काढलेला, भिंतभर आरसे, पोरं लाथा झाडतायत. कामयार पोरगा गुणी, पण जिभेला हाड नाही.

"बाबा, राग मानू नका," तो जेवताना म्हणाला. "गदा घेऊन शत्रू शेवटचा कधी आला होता काशानात?"

"मी नव्हतो तेव्हा."

"मग ढाल कशाला उचलता? रस्त्यात चोरानं गाठलं तर काय कराल? त्याला म्हणाल, थांब बाबा, मुद्गल घेऊन येतो?"

"चोर थांबायचाही," तूबा म्हणाली. "यांना बघून तोच रांजण उतरवून देईल."

यदुल्ला हसला आणि भात वाढून घेतला. पण रात्रभर ते डोक्यात घोळलं. उपयोग काय, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्याला घंटेचा पडला होता.

आणि नेमका तोच प्रश्न घेऊन आठवड्याभरात टीव्हीवाले आले. एक प्रश्न विचारणारा, एक कॅमेरावाला. तालमीत नुसती धांदल. नौरोझनं मिशीला रंग लावला, तो हनुवटीवर ओघळला. मुर्शिदानं मात्र कालचाच अंगरखा घातला. कामयारही आला होता, गंमत बघायला, भिंतीला टेकून.

"आजच्या काळात या विद्येचा उपयोग काय?" टीव्हीवाल्यानं नौरोझला विचारलं. नौरोझ शिस्त, आरोग्य, देश, पूर्वज असं करत करत स्वतःच्या मिठाईच्या दुकानापर्यंत पोचला, तेव्हा त्याला थांबवावं लागलं.

मग माइक यदुल्लापुढे आला. सगळे बघायला लागले. मुर्शिदही बघत होता. यदुल्लाला वाटलं, आता काहीतरी भारदस्त बोललो तर कुणी सांगावं, उद्या दारात... पण तोंडातून खरंच बाहेर पडलं.

"उपयोग? तसा काही नाही, साहेब. म्हणजे मला तरी अजून पडलेला नाही."

हौद्यात कुणीतरी कपाळावर हात मारला. कामयार फिस्सकन हसला. टीव्हीवाल्यानं घाईघाईनं माइक काढून घेतला आणि म्हणाला, "बरं, ते राहू द्या. मुद्गल फिरवतानाचं दृश्य घेऊ."

ढोल सुरू झाला. यदुल्लानं पंधरा पंधरा किलोचे दोन मुद्गल खांद्यावर घेतले आणि फिरवायला लागला. एक पाठीमागे जातो, दुसरा वरून पुढे येतो. लाज वाटत होती त्याला, म्हणून हात जास्तच जोरात चालले. कॅमेरावाला काठावरून टिपत होता. आख्खा यदुल्ला चौकटीत बसेना, म्हणून एक पाऊल मागे, आणखी एक मागे, हौद्याच्या काठानं वळत वळत. हौद्याला आठ कोन असतात. त्यानं सात धरले.

तो पाठीवर पडला, यदुल्लाच्या पायाशी, कॅमेरा छातीशी कवटाळून. आणि उजवा मुद्गल वरून खाली येत होता. वेगात आलेला पंधरा किलोचा मुद्गल थांबत नाही, आणि सोडावा तर खाली माणसाचं डोकं. यदुल्लानं मनगट आत वळवलं, मुद्गल त्या डोक्यापासून चार बोटांवरून गेला आणि यदुल्लाच्या डाव्या पायावर बसला. आवाज सगळ्यांनी ऐकला. ढोल मध्येच थांबला. मुर्शिद सफरचा ढोल मध्येच थांबलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

"लागलं का?" यदुल्लानं कॅमेरावाल्याला विचारलं, आणि मग खाली बसला.

तीन बोटं मोडली होती. प्लॅस्टर, सहा आठवडे घरी.

"लोक पायावर धोंडा पाडून घेतात, आमच्या घरी मुद्गल," तूबा येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. नवरा दिवसभर घरात म्हणजे तिला शिक्षाच. मसुराची डाळ निवडायला दिली, तर त्यानं रंगांप्रमाणे तीन ढीग लावले.

कामयार संध्याकाळी यायचा, नेहमीसारखा खोडी काढायला. एकदा मात्र म्हणाला, "बाबा, एक विचारू? तो मुद्गल हवेत वळवलात कसा? मी तसला एक उचलून बघितला. माझं मनगट दोन दिवस दुखतंय."

"वळवला कुठे? वळला. अडतीस वर्षं रोज वळवतोय, एकदा उपयोगी पडला."

"एकदाच?"

"एकदा पुरे की."

कामयारनं मान हलवली. त्या दिवशी त्यानं भाताचं ताट सासऱ्याला स्वतः वाढून दिलं.

पण तालमीतून मुर्शिदाचा निरोप नाही, विचारपूस नाही. नौरोझ मिठाई घेऊन आला, कॅमेरावाला फुलं घेऊन आला, मुर्शिद नाहीच. सहाव्या आठवड्यात यदुल्ला एवढंच म्हणाला, "म्हातारा या खेपेला नव्या ढोलावरून रागावला असेल. ठेका मोडला ना माझ्यामुळे."

"अहो, मरो तो ठेका!" तूबा ओरडली. इतकी जोरात, की यदुल्ला चमकून बघायला लागला. "अडतीस वर्षं बघतेय मी या खिडकीतून. वाकून उभे राहता भिकाऱ्यासारखे. उद्यापासून थांबायचं नाही दारात. कळलं?"

तिचे डोळे भरले होते.

प्लॅस्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो काठी टेकत निघाला. तूबानं गल्ली ओलांडून दारापर्यंत सोडलं आणि घरी परतून खिडकीशी उभी राहिली. पाय ठणकत होता, वाकून थांबणं शक्यच नव्हतं, आणि बायकोचा हुकूम होता. यदुल्लानं डोकं खाली घातलं, काठी आधी आत टाकली, मागून स्वतः आत आला आणि न थांबता पुढे चालू लागला.

घंटा वाजली.

यदुल्ला चटकन बाजूला सरला. कुणीतरी मोठा माणूस मागून येतोय, आपण वाट अडवून उभे! छातीवर हात ठेवून, जमेल तेवढं वाकून त्यानं दाराकडे तोंड केलं. "या, या, आपण आधी," तो म्हणाला.

दारात कुणी नव्हतं. समोर नुसती गल्ली, आणि पलीकडे खिडकी.

"अरे बटणवाल्या," चौथऱ्यावरून मुर्शिद सफर म्हणाला. घंटेची दोरी अजून त्याच्या हातात होती. "तेव्हा माझ्या बापाचा ढोल फोडून स्वतःची हाडं वाचवलीस. आता दुसऱ्याचं डोकं वाचवून स्वतःची हाडं फोडलीस. शिकायला वेळ फार घेतलास बाबा. मला वाटलं, मीच आधी जातो की काय."

यदुल्लाला हुंदका आवरेना. एवढा मोठा माणूस, काठीवर दोन्ही हात ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. हौद्यातले सगळे उभे राहिले. आणि तेवढ्यात गल्लीपलीकडून, उघड्या खिडकीतून, किलकारी आली. लांब, चढत जाणारी, थांबायचं नाव न घेणारी. अशी तर तूबानं स्वतःच्या पोरीच्या लग्नातही दिली नव्हती.

मुर्शिदाला आताशा कमी ऐकू यायचं, पण ही ऐकू आली. त्यानं ढोलाकडे नेलेला हात थांबवला.

"पहाटे पहाटे कुणाचं लग्न रे?" त्यानं विचारलं.

"माझं," यदुल्ला नाक पुसत म्हणाला, आणि कपडे बदलायला गेला.