माठातली कॉफी

साहेबांनी कोल्ड कॉफीचा ग्लास तिसऱ्यांदा परत पाठवला. चपराशी म्हणाला, "भाऊ, साहेब म्हणून राहिले, हे कडू पाणी आहे. सोमवारी बरी आली नाही तर कँटीन दुसऱ्याले देतो म्हणे."

झालं! सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसचं कँटीन मी चालवायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घर सगळं त्याच्यावरच. अय्यर साहेब मद्रासकडून नुकतेच बदलून आलेले, कॉफीचे भारी दर्दी. त्यात मे महिना. गरम कॉफी त्यांच्या घशाखाली उतरेना अन् माझी गार कॉफी पसंत पडेना.

चूक माझीच होती. मी कॉफी उकळायचो अन् वरून बर्फ टाकायचो. उकळलं की पावडरीतला कडूपणा सगळा पाण्यात येतो. बर्फ वितळला की तीच कॉफी पाणचट. मग डोक्यात आलं, उकळायचीच कशाला? गार पाण्यात भिजवून पाहू. त्यात अर्क हळूहळू उतरतो, दहा-बारा तास लागतात, पण कडूपणा बराचसा मागेच राहतो. आज मी हे ऐटीत सांगतो, तेव्हा नुसता अंदाज होता.

शनिवारी बर्डीच्या बाजारातून कॉफी रवाळ दळून आणली. रविवारी पहाटे उठलो. घरातलं सगळ्यात गार पाणी माठातलं. अर्धा माठ भरलेला होता. सगळी कॉफी अन् कुटलेली वेलची थेट त्यात ओतली, ढवळली, झाकण ठेवलं. अंगात नुसता उत्साह!

थोड्या वेळानं बायको, कमल, पाणी घ्यायला गेली अन् ओरडली, "अवो, हे काय करून ठेवलं तुम्ही? माठात मी वाळ्याची जुडी टाकली आहे ना!"

मी कपाळावर हात मारला. उन्हाळ्यात पाण्याला वास यावा म्हणून आमच्याकडे माठात वाळा टाकतात. मी न बघता त्याच्यावरच कॉफी ओतली होती. दुसरी आणावी तर दुकान बंद.

"फेकू का?"

"फेकता काहून? संध्याकाळी चाखून तर पाहा."

संध्याकाळी दुहेरी फडक्यातून गाळली. गार दूध, साखर, बर्फ घातला. पहिला घोट घेतला अन् उडालोच! कडूपणा नावाला नाही. आधी वेलची, मग कॉफी, अन् मागून वाळ्याचा गारवा. कमलनं अख्खा ग्लास संपवला अन् आणखी मागितला. उरलेली कॉफी शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवली.

सोमवारी ग्लास मीच घेऊन गेलो. साहेबांनी घोट घेतला अन् भुवया उंचावल्या. "अरे, ये तो कूलर का स्मेल है!"

कूलरच्या ताट्यांतही हाच वाळा, म्हणजे खस, असतो; वास त्यांनी लगेच ओळखला. त्यांनी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. ग्लास रिकामा करून म्हणाले, "और है?"

वाचलो! दुपारपर्यंत सगळं ऑफिस कँटीनच्या खिडकीशी. साहेबांनी खास बोलावून विचारलं, "खस डालने का आयडिया किसका?"

"माझाच, साहेब," मी छाती काढून म्हणालो.

घरी आलो अन् हे सगळं हसत हसत कमलला सांगितलं. ती हसली नाही. त्या माठात तिनं तीनदा पाणी भरून पाहिलं होतं, तिन्हीदा कॉफीचाच वास. मातीत मुरलं ते निघतं थोडंच!

"वाळा तुमचा ना? मग माठही तुमचाच," ती म्हणाली. "न्या कँटीनमध्ये. मले नवा आणा."

भर उन्हात नवा माठ खांद्यावर घेऊन आलो. तेव्हापासून एक शिकलो. बाहेर श्रेय लाटावं, पण घरी येऊन सांगू नये.